चालत्या प्रोग्रॅममध्ये नवे कंट्रोल: लॅबव्ह्यूचे एका अंगाने परीक्षण

मापन आणि चाचणीच्या क्षेत्रात लॅबव्ह्यू हे आकृत्या जोडून प्रोग्रॅम करण्याचे सॉफ्टवेअर इतके रुळले आहे की त्याची सर्वांगीण ओळख करून देण्याची गरज उरलेली नाही. या परीक्षणात मी त्याचे एकच अंग तपासणार आहे. प्रोग्रॅम चालू असताना, गरज पडेल तशी, पडद्यावर नवी बटणे, नवे आकडे आणि नवे आलेख, म्हणजेच नवे कंट्रोल, उभे करता येतात का, आणि येत नसतील तर त्याच्या जवळपास पोहोचण्यासाठी हे सॉफ्टवेअर काय देते, एवढाच येथील प्रश्न आहे. ही गरज वरवरची नाही. एखाद्या चाचणी यंत्रणेला आज ६ सेन्सर जोडलेले असतात, उद्या ४० असतात, आणि नेमके किती आहेत हे कॉन्फिगरेशन फाइल वाचल्यावरच कळते. वापरणाऱ्याची अपेक्षा साधी असते: जितके सेन्सर तितक्या ओळी दिसाव्यात, आणि प्रत्येक ओळीत त्या सेन्सरचे नाव, त्याचे मूल्य, मर्यादा ओलांडल्याचा दिवा आणि एक चालू-बंद बटण असावे.

मजकुरात लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक भाषांत हे काम एका लूपमध्ये होते. लूपच्या प्रत्येक फेरीत एक बटण तयार करायचे, त्याला जागा द्यायची आणि खिडकीत जोडायचे. लॅबव्ह्यूमध्ये हे होत नाही. चालू असलेल्या व्हीआयच्या, म्हणजे लॅबव्ह्यूमधील प्रोग्रॅमच्या, फ्रंट पॅनेलवर, म्हणजे त्याच्या पडद्यावर, नवे कंट्रोल निर्माण करण्याची सोय त्यात नाही आणि ती पूर्वीही नव्हती. नवख्या माणसाला हे कळते तेव्हा त्याला ती मोठी उणीव वाटते. माझ्या मते ती उणीव आहेच. पण ती कोठून आली हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावरचे उपाय नीट निवडता येत नाहीत.

नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने लॅबव्ह्यूची पहिली आवृत्ती १९८६ साली मॅकिंटॉश संगणकासाठी आणली आणि विंडोजवर ते १९९२ मध्ये आले. जेफ कोडोस्की यांच्या मूळ कल्पनेत प्रोग्रॅम म्हणजे एक आभासी उपकरण होते. व्हीआय (व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट) हे नाव त्यातूनच आले. खऱ्या उपकरणाला जशी समोर बटणे आणि डायल असतात आणि आत सर्किट असते, तसेच येथे समोर फ्रंट पॅनेल आणि मागे ब्लॉक डायग्राम अशी रचना आहे. पॅनेलवर एक कंट्रोल ठेवला की डायग्रामवर त्याचे टर्मिनल आपोआप उमटते आणि तेथून वायर निघते. म्हणजे लॅबव्ह्यूमधील कंट्रोल ही केवळ पडद्यावरची आकृती नसून डेटा जेथून निघतो ती जागा आहे. डायग्राम कंपाइल होतो तेव्हा त्या टर्मिनलचा डेटा-प्रकार ठरलेला असतो आणि त्याची मेमरीतली जागा व्हीआयच्या डेटा स्पेसमध्ये धरलेली असते. चालू प्रोग्रॅममध्ये नवा कंट्रोल आणायचा म्हणजे नवे टर्मिनल आणायचे, अर्थात चालू असलेला कोडच बदलायचा. याच घट्ट बांधणीमुळे लॅबव्ह्यूमध्ये काही मिनिटांत चालणारे पॅनेल उभे राहते आणि याच बांधणीमुळे ते पॅनेल पुढे ताणता येत नाही.

पहिला आणि सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे जास्तीत जास्त लागतील तितके कंट्रोल आधीच पॅनेलवर ठेवून नको असलेले लपवणे. कंट्रोलचे गुणधर्म वाचणाऱ्या-बदलणाऱ्या प्रॉपर्टी नोडमधील व्हिजिबल ही प्रॉपर्टी दाखवण्या-लपवण्याचे काम करते, पोझिशनने कंट्रोल हलवता येतो आणि डिसेबल्ड या प्रॉपर्टीला ०, १ किंवा २ मूल्य देऊन तो अनुक्रमे सक्रिय, निष्क्रिय किंवा निष्क्रिय व करडा करता येतो. नावाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. कंट्रोलचे लेबल प्रोग्रॅम चालू असताना बदलत नाही. कॅप्शन मात्र बदलते. त्यामुळे सेन्सरचे नाव फाइलमधून वाचून दाखवायचे असेल, तर सुरुवातीपासूनच लेबल लपवून कॅप्शन दाखवावे. रिंग आणि एनम या यादीतून पर्याय निवडण्याच्या दोन कंट्रोलांतही असाच भेद आहे. रिंगमधील पर्यायांची यादी चालू प्रोग्रॅममध्ये बदलता येते. एनमची यादी हा त्याच्या डेटा-प्रकाराचाच भाग असल्याने ती बदलत नाही.

हा मार्ग दहा-वीस कंट्रोलपर्यंत ठीक चालतो. त्यापुढे डायग्राम टर्मिनलांनी भरून जातो आणि एका ओळीत छोटासा बदल करायचा तरी तो प्रत्येक ओळीत हाताने करावा लागतो. गतीचाही प्रश्न येतो, कारण प्रॉपर्टी नोड यूजर इंटरफेस थ्रेडमध्ये चालतात आणि प्रत्येक बदलाबरोबर पॅनेल नव्याने रंगवले जाऊ शकते. शेकडो बदल एका दमात करायचे असतील, तर आधी डिफर पॅनेल अपडेट्स ही पॅनेलची प्रॉपर्टी खरी करावी, सगळे बदल उरकावेत आणि मग ती पुन्हा खोटी करावी. एवढ्याने पडद्याची लुकलुक थांबते आणि काम डोळ्यांना जाणवेल इतके लवकर संपते.

या मार्गातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे इव्हेंटची, म्हणजे बटण दाबण्यासारख्या घटनांची, गतिमान नोंदणी. तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, म्हणून मी तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. समजा पॅनेलवर ३२ बटणे आहेत. घटनेप्रमाणे कोड चालवणाऱ्या इव्हेंट स्ट्रक्चरमध्ये ३२ केस करण्याची किंवा एका केसच्या यादीत ३२ नावे टाकण्याची गरज नसते. व्हीआयच्या रेफरन्सवरून, म्हणजे त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या दुव्यावरून, पॅनेल मिळवावे, पॅनेलच्या कंट्रोल्स या प्रॉपर्टीतून सर्व कंट्रोलांच्या रेफरन्सचा क्रमवार संच, म्हणजे अ‍ॅरे घ्यावा, त्यातून हवी ती बटणे नावावरून वेचावीत, टू मोअर स्पेसिफिक क्लासने त्यांना बूलियन (चालू-बंद) वर्गात आणावे आणि तो संपूर्ण अ‍ॅरे रजिस्टर फॉर इव्हेंट्स या नोडला जोडावा. आता एकच केस सर्व बटणांची दखल घेते आणि कोणते बटण दाबले गेले हे केसमध्ये मिळणाऱ्या कंट्रोल रेफरन्सवरून समजते. बटणे १० ठेवली काय किंवा १०० ठेवली काय, इव्हेंटचा कोड तेवढाच राहतो. येथे बटणाच्या यांत्रिक क्रियेकडे मात्र लक्ष द्यावे लागते. लॅच प्रकारचे बटण त्याचे टर्मिनल वाचले गेल्यावरच पूर्वस्थितीत येते, आणि रेफरन्सच्या पद्धतीत टर्मिनल वाचलेच जात नाही. शिवाय लॅच बटणावर व्हॅल्यू प्रॉपर्टी चालत नाही. म्हणून स्विच प्रकारची क्रिया निवडून बटण व्हॅल्यू प्रॉपर्टीने परत फिरवावे. व्हॅल्यू प्रॉपर्टीने केलेला बदल नवा इव्हेंट उठवत नाही. तो उठवायचाच असेल, तर व्हॅल्यू सिग्नलिंग ही वेगळी प्रॉपर्टी आहे. हा तपशील लॅबव्ह्यूच्या मदत-पुस्तिकेत आहे, पण तो विखुरलेला आहे, आणि एका जागी जुळवून घेईपर्यंत बराच वेळ जातो.

दुसरा मार्ग क्लस्टरच्या अ‍ॅरेचा. एका ओळीत जे जे हवे ते एका क्लस्टरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या घटकांच्या गठ्ठ्यात, ठेवायचे आणि त्या क्लस्टरचा अ‍ॅरे पॅनेलवर मांडायचा. अ‍ॅरेचा आकार चालू प्रोग्रॅममध्ये वाढतो आणि घटतो, दिसणाऱ्या ओळींची संख्या प्रॉपर्टीने बदलता येते, उभी स्क्रोलबारही दाखवता येते. म्हणजे खऱ्या अर्थाने डेटाप्रमाणे वाढणारा इंटरफेस येथे जवळजवळ फुकट मिळतो. परंतु एक मर्यादा फार आड येते. अ‍ॅरेतील सर्व घटकांच्या प्रॉपर्टी सामाईक असतात, वेगळे असते ते फक्त मूल्य. तिसऱ्या ओळीतला आकडा लाल करायला गेलो, तर सर्व ओळींतले आकडे लाल होतात. एकच ओळ निष्क्रिय करणे किंवा एकाच आलेखाचा अक्ष बदलणेही शक्य होत नाही.

यावरचा उपाय मर्यादेच्याच तर्कातून सुचतो. जे वेगळे दाखवायचे आहे ते मूल्यात आणावे. क्लस्टरमध्ये कलर बॉक्स ठेवला, तर रंग हेच त्याचे मूल्य असते आणि प्रत्येक ओळीत तो वेगळा असू शकतो. पिक्चर रिंग ठेवली, तर प्रत्येक ओळीत वेगळे चित्र दिसू शकते. मर्यादा ओलांडल्याची खूण दाखवायला एवढे पुरते. फक्त मजकूर आणि आकडे दाखवायचे असतील, तर मी अ‍ॅरेपेक्षा टेबल किंवा मल्टीकॉलम लिस्टबॉक्स निवडेन, कारण तेथे अ‍ॅक्टिव्ह सेल ठरवून एकेका चौकटीचा रंग बदलता येतो. ट्री कंट्रोलमध्येही चालू प्रोग्रॅममध्ये नोंदी वाढवता येतात.

आता सबपॅनेल. या विषयात लॅबव्ह्यूने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट मी हीच मानतो. सबपॅनेल म्हणजे मुख्य पॅनेलवरची एक रिकामी चौकट, जिच्यात दुसऱ्या व्हीआयचे फ्रंट पॅनेल इन्सर्ट व्हीआय या मेथडने बसवता येते. एका सेन्सरची ओळ हा एक स्वतंत्र व्हीआय करायचा, त्याला रीएन्ट्रंट, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रतींत चालू शकणारा, करायचे आणि जितके सेन्सर तितके क्लोन, म्हणजे त्याच्या प्रती, चालू करायचे. त्यासाठी ओपन व्हीआय रेफरन्सला हेक्झाडेसिमल ४० आणि ८० हे दोन पर्याय मिळून द्यावे लागतात: पहिल्याने एकाच व्हीआयचे अनेक क्लोन एकाच वेळी चालवता येतात, दुसऱ्याने स्टार्ट असिंक्रोनस कॉल या नोडने क्लोन सुरू करून पुढे निघून जाता येते. प्रत्येक क्लोनची डेटा स्पेस वेगळी, त्याच्या कंट्रोलांच्या प्रॉपर्टी वेगळ्या, त्याचा इव्हेंट लूप वेगळा. अ‍ॅरेची सगळी अडचण येथे संपते. तिसऱ्या सेन्सरची ओळ लाल होते तेव्हा फक्त तीच लाल होते, आणि तिच्या मर्यादा तपासणारा कोडही तिच्याच व्हीआयमध्ये नीटनेटका राहतो.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. सबपॅनेल हासुद्धा पॅनेलवर आधीच ठेवावा लागणारा घटक आहे, त्यामुळे त्यांचीही संख्या ठरलेलीच असते. मग मूळ प्रश्न सुटला कोठे? तो सुटतो, कारण ठरलेली संख्या आता सेन्सरांची नसून पडद्यावर एका वेळी मावणाऱ्या ओळींची असते. रंगमंचावर एका वेळी मोजकेच नट दिसतात आणि बाकीचे विंगेत आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभे असतात, तशी ही व्यवस्था आहे. पडद्यावर ८ ओळी मावत असतील, तर ८ सबपॅनेल एकाखाली एक ठेवावेत आणि बाजूला एक उभी स्क्रोलबार कंट्रोल म्हणून ठेवावी. स्क्रोलबारचे मूल्य बदलले की प्रत्येक चौकटीतला जुना व्हीआय रिमूव्ह व्हीआयने काढून त्या जागी योग्य क्रमांकाचा क्लोन बसवावा. सेन्सर २०० असले तरी चौकटी ८च राहतात. चौकटीतून काढलेला क्लोन थांबत नाही, तो पडद्याआड आपले मापन चालूच ठेवतो, आणि पुन्हा समोर आला की ताज्या मूल्यासह दिसतो. माझ्या दृष्टीने लॅबव्ह्यूमध्ये गतिमान इंटरफेस करण्याची खरी रीत हीच आहे: नवा कंट्रोल घडवण्याचा हट्ट सोडावा आणि व्हीआय हेच इंटरफेसचे एकक मानावे.

ही रीत अंगी बाणवायला सोपी नाही. ज्या व्हीआयचे फ्रंट पॅनेल आधीच दुसरीकडे उघडे आहे, तो सबपॅनेलमध्ये बसत नाही, आणि एका क्लोनचे पॅनेल एका वेळी एकाच चौकटीत असू शकते. म्हणून एखाद्या ओळीला नव्या चौकटीत बसवण्याआधी ती जुन्या चौकटीतून निघालेली असणे आवश्यक असते. स्क्रोल करताना सर्व चौकटी आधी रिकाम्या करून मग भराव्यात. क्लोन आपणहून थांबत नाही, त्यामुळे त्याला थांबण्याचा निरोप पाठवण्याची वाट सुरुवातीलाच ठरवावी लागते; क्यू (संदेशांची रांग) किंवा यूजर इव्हेंट (प्रोग्रॅमनेच उठवलेली घटना), दोन्ही चालतात. क्यू कोणी तयार केली यालाही महत्त्व आहे. एखाद्या व्हीआयच्या कोडने उघडलेला रेफरन्स त्याच्या वरचा मुख्य व्हीआय थांबला की लॅबव्ह्यू स्वतःहून बंद करते. क्लोनने आतल्या आत तयार केलेली क्यू म्हणूनच क्लोन थांबताच नाहीशी होते आणि मुख्य प्रोग्रॅमला तिच्यावर एरर मिळतो. क्यू मुख्य प्रोग्रॅमने तयार करून क्लोनला सोपवणे अधिक सुरक्षित ठरते.

एक्झिक्युटेबल, म्हणजे वापरणाऱ्याला द्यायची तयार प्रोग्रॅम-फाइल, बनवतानाही जपावे लागते. व्हीआय केवळ फाइलच्या पाथवरून उघडला जात असेल, तर तो लागणार आहे हे बिल्ड करणाऱ्या साधनाला कळत नाही. त्याला बिल्डच्या तपशिलात कायम समाविष्ट करण्याच्या यादीत टाकावे, किंवा डायग्रामवर स्टॅटिक व्हीआय रेफरन्स ठेवावा. स्टॅटिक रेफरन्स मला अधिक पटतो, कारण लॅबव्ह्यूमधूनच फाइल हलवली किंवा तिचे नाव बदलले तर जोड तुटत नाही.

व्हीआय स्क्रिप्टिंगबद्दल गैरसमज फार आहेत. २०१० च्या आवृत्तीपासून ते अधिकृतपणे उपलब्ध आहे आणि त्यात न्यू व्हीआय ऑब्जेक्ट या फंक्शनने प्रोग्रॅमच्या द्वारे कंट्रोल तयार करता येतो हे खरेच आहे. पण ज्या व्हीआयवर हे काम करायचे तो चालू असता कामा नये, आणि एक्झिक्युटेबलमध्ये, म्हणजे रन-टाइम इंजिनवर, ही सोय चालत नाही. वापरणाऱ्याच्या संगणकावर नवे कंट्रोल उमटवण्यासाठी ती नाही. तिचा खरा उपयोग विकासाच्या टप्प्यावर आहे: चॅनेलांची यादी एका तक्त्यातून वाचून ६४ कंट्रोल योग्य नावांसह, समान अंतरावर, एका फटक्यात मांडून घेणे. हाताने ते मांडताना होणाऱ्या चुका आणि लागणारा वेळ पाहता, ज्यांची चॅनेलसंख्या प्रकल्पागणिक बदलते पण चाचणीच्या वेळी बदलत नाही, त्यांनी सबपॅनेलकडे वळण्याआधी स्क्रिप्टिंग अवश्य आजमावावे.

एक्सकंट्रोलवर फार रेंगाळत नाही. स्वतःचे वर्तन असलेला कंट्रोल त्यातून करता येतो, पण चार वेगवेगळ्या अंगांनी त्याची बांधणी सांभाळावी लागते, आणि एवढे करूनही त्याला चालू प्रोग्रॅममध्ये जन्म देता येत नाही. तोही पॅनेलवर आधी ठेवावाच लागतो. पिक्चर कंट्रोलवर आपणच चौकटी रंगवून माऊसचे इव्हेंट ओळखण्याचा मार्गही खुला आहे. नकाशा किंवा यंत्राची आकृती दाखवायची असेल तर तो उत्तम आहे, पण मजकूर टाइप करून घेण्याची वेळ आली की सगळे स्वतःच लिहावे लागते.

विंडोजपुरते बोलायचे, तर मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रणालीतले घटक बसवण्याची चौकट, म्हणजे डॉट नेट कंटेनर, हे असे ठिकाण आहे जेथे अक्षरशः नवा कंट्रोल निर्माण होतो. पॅनेलवर एक कंटेनर ठेवायचा, त्यात डॉट नेटचे एक पॅनेल बसवायचे, आणि कन्स्ट्रक्टर नोडने बटणे घडवून त्याच्या कंट्रोल्स संग्रहात जोडायची. बटण दाबल्याची वार्ता रजिस्टर इव्हेंट कॉलबॅकने एका व्हीआयपर्यंत येते. काम होते, पण किंमत मोजावी लागते: लॅबव्ह्यूच्या वायरिंगचा सहजपणा जातो, प्रत्येक रेफरन्स आपणच बंद करावा लागतो, आणि दिसण्यात बाकीच्या पॅनेलशी मेळ बसत नाही. ज्यांना डॉट नेट आधीपासून येते त्यांच्यासाठीच मी हा मार्ग सुचवेन.

इतर दृश्य प्रोग्रॅमिंग साधनांशी तुलना केली, की लॅबव्ह्यूची ही बाजू लंगडी वाटणे स्वाभाविक आहे. संगीतासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅक्समध्ये धिसपॅचर या ऑब्जेक्टला स्क्रिप्टचा संदेश पाठवला की चालत्या पॅचमध्ये, म्हणजे तेथल्या प्रोग्रॅममध्ये, नवा स्लायडर येऊन बसतो आणि पुढच्या संदेशाने तो जोडलाही जातो. तशाच प्रकारच्या प्युअर डेटामध्येही संदेश पाठवून पॅच वाढवता येतो. या दोन्हींत लिहिणे आणि चालवणे यांच्यात भिंत नाही. पॅच संपादित होत असतानाच वाजत असतो. व्हिडिओ गेम बनवण्याच्या अनरिअल इंजिनच्या ब्लूप्रिंटमध्ये तर क्रिएट विजेट हा नोड लूपमध्ये ठेवून प्रत्येक फेरीचे विजेट एका उभ्या चौकटीत जोडले की काम झाले. तेथे विजेट ही पडद्यावरची वस्तू आहे, डेटाचे टर्मिनल नाही, म्हणून हे जमते. मात्र मापनाच्या हार्डवेअरशी जोडणी आणि समांतर लूपची शिस्त यांत लॅबव्ह्यूने जे कमावले आहे, ते या साधनांचे उद्दिष्टच नाही. केवळ गतिमान इंटरफेससाठी लॅबव्ह्यू सोडून त्यांच्याकडे जाण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

लॅबव्ह्यू एनएक्सजी या नव्या पिढीच्या आवृत्तीचा विकास नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने थांबवला, आणि २०२३ मध्ये ही कंपनी इमर्सनच्या ताब्यात गेली. एनएक्सजीच्या वेब भागातून पुढे ‘जी वेब डेव्हलपमेंट सॉफ्टवेअर’ हे स्वतंत्र साधन उभे राहिले. त्यात पॅनेल ब्राउझरमध्ये चालते आणि डायग्राममधून जावास्क्रिप्टची फंक्शने बोलावता येतात, त्यामुळे पानावर हवे तितके घटक जावास्क्रिप्टकडून निर्माण करून घेता येतात. ज्या प्रकल्पात पडदा दूरच्या संगणकावर किंवा टॅब्लेटवर असणार आहे, तेथे मी मापनाचा भाग लॅबव्ह्यूत ठेवून पडद्याचा भाग याच मार्गाने करण्याचा विचार आधी करेन. जेथे पडदा यंत्राशेजारीच आहे आणि सर्व काम एकाच माणसाला सांभाळायचे आहे, तेथे ८ चौकटी, एक स्क्रोलबार आणि क्लोन एवढ्यावर भागते. ज्यांना हे आधी करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी २०२० पासून बिगर-व्यावसायिक वापराकरिता मोफत असलेली कम्युनिटी आवृत्ती उपलब्ध आहे, आणि तिच्यात एक्झिक्युटेबल बनवण्याची सोयही असल्याने वर सांगितलेली बिल्डची अडचणही प्रत्यक्ष तपासून घेता येते.